दशांशानंतरचा दुसरा आकडा

३ नोव्हेंबर

चि. लघूस अनेक आशीर्वाद.

काल दुपारी आरामखुर्चीत डोळा लागत होता आणि कुठूनसा आवाज आला. टप्. टप्-टप्. टप्. उठून पाहिलं, नळ बंद, खिडकी बंद. मग उमगलं की आवाज घरातला नव्हताच, बासष्ट वर्षांपूर्वीचा होता. आमच्या दुसरीच्या मास्तरांचा बूट. वर्गात फळ्यापुढे लाकडी चौथरा होता, आतून पोकळ. मास्तर त्यावर उभे राहून कविता म्हणायचे आणि पायाने ठेका धरायचे. कवितेचा अर्थ आम्हाला कधीच कळला नाही, पण ठेका थेट पोटात जायचा. पुढे मीही मास्तर झालो, त्याच वर्गात, त्याच चौथऱ्यावर. अडतीस वर्षं त्या पोकळ लाकडावर माझाही पाय वाजला. आता सांग, काल मला ऐकू आला तो त्यांचा बूट की माझा?

असो. तुला नोकरी लागल्याचं तुझ्या आईने कळवलं आणि मी घरभर दोन फेऱ्या मारल्या. पण तू करतेस काय हे तिला धड सांगता येईना. म्हणे, "बाबा, ती हॉस्पिटलच्या तळघरात बसून रोगांना नंबर देते." रोगांना नंबर? मी मुलांना द्यायचो, तेही उंचीप्रमाणे. सगळं सविस्तर लिही. फोन नको. फोनवर मला फक्त माझाच श्वास ऐकू येतो.

जाता जाता एक विचारतो. माझ्या एका मित्राच्या पायात अंगठ्यामागचं हाड दुखतं. फोटो काढला, तर आत गाठ आहे म्हणाले, पण साधी आहे, घाबरू नका. अशा गाठीला तुमच्याकडे कितवा नंबर? मित्राला उत्सुकता आहे, बाकी काही नाही.

तुझा,
आजोबा

७ नोव्हेंबर

ती. आजोबांस सा. न.

तुमचं पत्र मी टेबलाखाली धरून वाचलं आणि पकडली गेले. पकडणाऱ्या म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. आम्ही सगळे त्यांना दशांशबाई म्हणतो, अर्थात त्यांच्या पाठीमागे. दशांशचिन्ह विसरलं तर त्या फाईल परत टेबलावर ठेवतात. एक शब्द बोलत नाहीत. नुसती ठेवतात. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं.

आमचं तळघर म्हणजे आठ टेबलं, चार कपाटं आणि छताला टेकलेली एक खिडकी. ती खिडकी बाहेरच्या रस्त्याच्या पातळीला आहे, त्यामुळे त्यातून फक्त पाय दिसतात. दिवसभर पायच पाय. दशांशबाई अकरा वर्षं तिच्याखाली बसतात. त्या नवीन माणसाची परीक्षा कशी घेतात माहितीये? खिडकीतून कोणीतरी समोरून येत असतं, तेव्हा विचारतात, "याचा उजवा पाय कोणता?" मी झटकन बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "तो तुमच्या उजवीकडचा. मी त्याचा विचारला." पहिल्याच दिवशी माझा निकाल लागला.

आता काम. डॉक्टर कागदावर रोगाचं नाव लिहितात, आम्ही ते वाचून त्याचा कोड लावतो. पुढची सगळी कागदपत्रं त्या कोडवर चालतात, अगदी ऑपरेशनच्या यादीपर्यंत. तुमच्या मित्राच्या गाठीचा कोड गंमत म्हणजे मी कालच शिकले. डी सोळा म्हणजे हाडाची साधी गाठ, पसरणारी नाही ती. मग दशांश. मग तीन, म्हणजे पायाची लहान हाडं. टाच, घोटा, बोटं, पावलाची सव्वीसच्या सव्वीस हाडं एकाच घरात, आणि गुडघ्याची वाटीसुद्धा पाहुणी म्हणून तिथेच. त्यानंतर शेवटचा आकडा. एक म्हणजे उजवा पाय, दोन म्हणजे डावा. डॉक्टरांनी लिहिलंच नसेल तर शून्य, आणि शून्य लावलं की दशांशबाई फाईल परत टेबलावर ठेवतात.

मित्र म्हणजे शेजारचे घड्याळवाले काका ना? मला वाटलंच. दिवसभर एका पायावर पाय टाकून बसतात. त्यांना सांगा, काळजी नको, पण डॉक्टर सांगतील ते करा.

तुमची,
लघू

११ नोव्हेंबर

चि. लघू,

पत्र चारदा वाचलं. तू आणि मी एकाच धंद्यातले निघालो की गं. मी नाही का तुला सहाव्या वर्षी कवितेची ओळ देऊन प्रत्येक अक्षरावर खुणा करायला लावायचो, आखूड ते लघु, लांब ते गुरु? मग तीन-तीन अक्षरांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला एक अक्षर चिकटवायचं. य, म, त, र. अख्खी ओळ, तिच्यातला वारा, तिच्यातली चिमणी, सगळं चार अक्षरांत बसायचं. ते कोडच की. तुझी आजी म्हणायची, "पोरीला खेळू द्या, मोजमापं कसली घेता?" ती स्वतः अगदी गुरु होती, पूर्ण दोन मात्रांची, कुठेही बसली की जागा भरून जायची. आणि तू एवढीशी, म्हणून लघू.

तर मी काय केलं, तुझा कोड घेतला आणि त्याची फोड केली. डी-सो-ळा, तिन्ही गुरु, म्हणजे मगण. द-शां-श, लघु-गुरु-लघु, म्हणजे जगण. मग ती-न, गुरु-लघु. मी जन्मात शिकवलेल्या कुठल्याही वृत्तात हे बसत नाही. आणि शेवटचा आकडा बघ. ए-क, गुरु-लघु. दो-न, गुरु-लघु. दोघांचं वजन अगदी सारखं, कानाला फरकच कळत नाही. त्यावर एका माणसाचा पाय अवलंबून. तुझ्या दशांशबाई फाईल परत ठेवतात ते बरोबरच आहे.

शाळेच्या मुख्याध्यापिका परवा घरी येऊन गेल्या. अडगळीच्या खोलीत जुना चौथरा सापडला म्हणे, एक फळी बदलली की उभं राहता येईल. फेब्रुवारीत लहान मुलांचा कविता म्हणण्याचा कार्यक्रम आहे आणि त्या म्हणाल्या, "गुरुजी, शेवटची कविता तुम्ही घ्या. ठेक्यासकट." ठेक्यासकट. लघू, त्या गेल्यावर मी दार लावायचंच विसरलो.

मित्राला तुझा निरोप दिला. तो डॉक्टरांचं ऐकेल असं म्हणतो.

आजोबा

१७ नोव्हेंबर

आजोबा,

नमस्कार नंतर. आधी भांडण.

आज सकाळी माझ्या टेबलावर फायलींचा गठ्ठा आला. तुमच्या गावात महिन्यातून दोनदा आमचे हाडांचे मोठे डॉक्टर येतात, तिथले कागद इकडेच येतात. चौथी फाईल उघडली. वय सत्तर, निवृत्त शिक्षक, पावलाचं हाड, साधी गाठ, ऑपरेशन मंगळवार २ डिसेंबर. आणि वर तुमचं नाव. मित्र म्हणे. घड्याळवाल्या काकांना मी उगाच दहा दिवस मनातल्या मनात लंगडं केलं.

कळवायचं नाही? आईलाही नाही? मला रडू आलं आणि हसूही आलं, कारण तुम्हाला स्वतःची गाठसुद्धा वृत्तात बसवून बघायची होती.

नियम असा की नात्यातल्या माणसाच्या फायलीला हात लावायचा नाही. मी ती बंद केली आणि दशांशबाईंना नेऊन दिली. त्यांनी शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून. मग चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा आम्ही सगळे आपापल्या फायलीत डोकं घालतो.

मी एवढंच सांगू शकते की फायलीत काहीतरी जुळत नाही. काय, ते मी सांगायचं नाही, कारण आम्ही प्रश्न विचारायचा असतो, उत्तर सुचवायचं नसतं. बाईंनी डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवलाय. मला एवढंच म्हणाल्या, "इथे आकडा चुकला तर तिथे चांगल्या पायावर सुरी फिरते."

म्हणून मी तुम्हाला फक्त विचारते. आजोबा, तुमचा कोणता पाय?

लगेच उत्तर पाठवा. मी घड्याळवाल्या काकांच्या दुकानातही फोन करतेय. आणि आईला मी सांगितलंय. ती सोमवारी तुमच्याकडे पोचेल. चिडायचं नाही.

लघू

२२ नोव्हेंबर

चि. लघू,

चिडलो नाही. पकडला गेलेला माणूस चिडत नाही, तो कान धरतो. धरला.

खरं सांगू? मला भीती गाठीची नव्हती. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालच्या छोट्या डॉक्टरांनी फोटो दाखवला, हाडाच्या आत फुगा धरल्यासारखी जागा. म्हणाले, "आजोबा, हाड आतून पोकळ झालंय. पाय आपटू नका, मोडेल." मी विचारलं, "ठेका?" म्हणाले, "ठेका काय, जिनासुद्धा जपून." गाठ खरवडून काढायची, पोकळी भरायची, दीड-दोन महिने आराम, मग हवं तेवढं वाजवा. तुला तेव्हाच सांगितलं असतं तर तू नोकरी टाकून आली असतीस, आणि एकदा तू आलीस की मला धीर धरून बसण्याचं सोंग करता आलं नसतं. सोंगावरच तर चाललंय सगळं.

आता तुझा प्रश्न. अगं, आठवडाभर सगळा गाव मला तेच विचारतोय. तुझा फोन आला तेव्हा घड्याळवाला डोळ्याला भिंग तसंच ठेवून माझ्या दारात आला आणि ओरडला, "गुरुजी, पाय कोणता?" मी म्हटलं, डावा. तो दुकानातून फोनमध्ये ओरडला, "डावा म्हणतात." परवा छोटे डॉक्टर स्वतः आले, समोर खुर्ची ओढून बसले, "आजोबा, एकदा नीट सांगा, कोणता?" डावा. त्यांनी लिहून घेतलं आणि खाली सही केली. मला तर पाढे म्हणून घेतल्यासारखं वाटलं. डावा, डावा, डावा.

या चौकशीने मी भलताच खुशीत आहे. इतकी वर्षं प्रश्न मी विचारायचो. काल बसल्या बसल्या पहिलीचा वर्ग आठवला. पहिल्या दिवशी मुलांना हात-पाय शिकवायचे असतात. "उजवा हात वर" म्हटलं की मास्तरने आपला डावा उचलायचा. नाहीतर काय होतं, मुलं समोरून तुझ्याकडे बघत असतात, तू उजवा उचललास की त्यांना तो डावीकडे दिसतो आणि अख्खा वर्ग उलटा नाचतो. नवीन मास्तरांना हे जमत नाही, महिनाभर गोंधळ. मला पहिल्याच वर्षी इतकं अंगात भिनलं की पुढे लग्नाच्या फोटोवाल्याने "उजवीकडे सरका" म्हटल्यावर मी डावीकडे सरकलो आणि तुझी आजी फोटोत अर्धीच आली. ती अर्धी आजी अजून भिंतीवर आहे. येशील तेव्हा बघ.

मंगळवारची मी वाट बघतोय. उगाच नाही, खरंच. पाय मोकळा झाला की पहिला ठेका तुझ्या त्या बिनवृत्ताच्या कोडचा धरीन.

आजोबा

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार

ती. आजोबा,

हे पत्र घाईघाईत. तीनच्या बसच्या चालकाकडे देतेय, उद्या सकाळी तुम्हाला मिळेल.

आता नियम बाजूला ठेवून लिहिते, नोकरी गेली तर जाऊ दे. तुमच्या फायलीत तीन कागदांवर डावा पाय लिहिलाय आणि एक्स-रेच्या फोटोवर कोपऱ्यात उजव्याची खूण आहे. तीन विरुद्ध एक. डॉक्टरांच्या ऑफिसातून बाईंच्या प्रश्नाला काल उत्तर आलं, "रुग्णाला पुन्हा विचारून खात्री केली, डावा. फोटोवरची खूण चुकली असावी, ऑपरेशनच्या दिवशी पाहू." सगळे खूश. कोडची जागा भरा म्हणाले. मी आईशीही फोनवर बोलले, ती म्हणते, "मी समोर बसून विचारलं, बाबा ठाम आहेत. डावाच."

बाईंनी जागा भरली नाही.

मी म्हटलं, "बाई, आजोबा स्वतः सांगतायत, अजून काय हवं?" त्या म्हणाल्या, "फोटो काढणारा रोज साठ पाय ठेवतो आणि रोज साठ खुणा ठेवतो. तो सहसा चुकत नाही. तुमचे आजोबाही खोटं बोलत नाहीत. मग मधे काय आहे?"

आज जेवायच्या सुट्टीत मी बाकीच्यांना तुमचं पत्र वाचून दाखवत होते, मन हलकं व्हावं म्हणून. मगण-जगणवरून आधीच तुमचे चाहते झालेत इथे. त्या अर्ध्या आजीपाशी आले आणि सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी डबा तसाच झाकला, माझ्या हातातून पत्र घेतलं आणि दुसरं पान दोनदा वाचलं. मग वर खिडकीकडे बघत बसल्या. कोणीतरी समोरून चालत येत होतं. मग कपाटातून एक्स-रेचं पाकीट काढलं, वहीत सही केली, पर्स उचलली आणि मला म्हणाल्या, "अर्ध्या दिवसाची रजा लिहा." अकरा वर्षांत पहिली रजा. आम्ही उरलेले सातही जण दाराकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने त्यांच्या काळ्या चपला खिडकीतून बसथांब्याकडे जाताना दिसल्या, अगदी भरभर.

काय झालं मला माहीत नाही. त्यांना राग आला का? माझं पत्र ऑफिसात वाचणं चुकलं का? काही कळत नाही, पण का कोण जाणे, मला भीती वाटत नाहीये.

रविवारी माझी परीक्षा आहे, ती देऊन सोमवारी थेट येते. तोपर्यंत कोणी काहीही विचारलं तरी कागदावर सही करू नका.

तुमची लघू

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

चि. लघू,

आज तुझं पत्र नाही, तरी लिहायला बसलो. तुझी आई बाजारात गेलीये आणि जाताना मला दम देऊन गेलीये, "बाबा, खुर्चीतून उठायचं नाही." म्हणून खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली. शाळेचा चौथरा दुरुस्त झाला. दुपारी सुताराने मुद्दाम आपल्या दारावरून नेला आणि माझ्यासाठी त्यावर मूठ आपटली. टप्. तोच आवाज गं. फळी नवीन आहे, पण पोकळी जुनीच. मी सुताराला म्हटलं, आणखी एकदा. त्याने तीनदा वाजवली.

मनात आलं, ज्या पोकळीमुळे चौथरा वाजतो, तशीच एक पोकळी माझ्या हाडात झाली. इतकी वर्षं वाजवलं, त्यातली थोडी आत शिरली असेल. तू हसशील. डॉक्टरही हसले. म्हणाले, "असं काही नसतं." नसेल, पण ऐकायला किती छान वाटतं.

थांब. दार वाजतंय. तुझी आई असेल, किल्ली विसरली वाटतं.

लघू, तुझी आई नाही.

दुसरं पेन आणायला आत आलोय आणि हातात पेन आलं की मला राहवत नाही, हे तुला ठाऊक आहे. चार ओळी लिहितो, तेवढ्याने काही होत नाही.

दारात एक बाई उभ्या. पन्नाशीच्या, काळ्या चपला, काखेत मोठं पाकीट, बसच्या धुळीने केस पांढरे झालेले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. म्हणाल्या, "गुरुजी तुम्हीच?" मी हो म्हटलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या, अगदी माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डावा पाय पुढे करा."

अडतीस वर्षं हा हुकूम मी दिला, आज पहिल्यांदा मला कोणी दिला. मी पाय पुढे केला. दुखरा. त्यांनी त्याकडे पाहिलं, मग त्यांनी आपलाही डावा पाय पुढे केला. आमचे दोघांचे पाय उंबऱ्याच्या एकाच बाजूला, आरशात असावेत तसे.

"आता वळा," म्हणाल्या. "माझ्याकडे पाठ करा. समोर कोणी नाही, वर्ग नाही, मुलं नाहीत. नुसती भिंत आहे. डावा पाय उचला."

मी वळलो. भिंतीवर तुझी अर्धी आजी. तिच्याकडे बघत मी डावा पाय उचलला.

लघू, तो दुसराच पाय होता. न दुखणारा.

मी तसाच एका पायावर उभा, भिंतीला हात टेकून. डावा, डावा, डावा म्हणालो होतो, ते सगळे माझ्यासमोर बसलेले. घड्याळवाला समोर, छोटे डॉक्टर समोर, तुझी आईसुद्धा समोर बसूनच विचारत होती. आणि मी बिचाऱ्यांना मुलं समजून सांगत होतो.

मागून आवाज आला, "म्हणजे एक." मग म्हणाल्या, "दशांशानंतर तीन, पुढे एक. मला खात्री होती, पण खात्री कोडमध्ये लिहिता येत नाही." त्यांनी पाकिटातून फोटो काढून उजेडात धरला. कोपऱ्यात खूण होती, उजव्याची, सुरुवातीपासून तिथेच. मला म्हणाल्या, "पायावर खूण करते. मंगळवारपर्यंत पुसायची नाही आणि डॉक्टरांना तोंडाने काहीही सांगायचं नाही, नुसतं बोट ठेवायचं. न पुसणारं पेन आहे का घरात?"

ते आणायला मी आलो होतो. तुला माहितीये, मी आता हसतोय की काय ते मलाच कळत नाही. टेबलाखाली तो उजवा पाय आपोआप उठतोय आणि मी त्याला दाबून धरलाय, मंगळवारपर्यंत कळ काढ म्हणून.

पेन सापडलं, तेच हे. आणि अरे देवा, लघू, त्या अजून दारातच उभ्या आहेत. आत या म्हणायचं राहूनच गेलं.